आपणहून

ही बाई कोण, हे तिला आधी कळेचना. मोबाइल पडद्याच्या कापडाच्या ताग्यावर आडवा ठेवलेला, जेवणाच्या सुट्टीमुळे शिवणयंत्रं थांबलेली, आणि त्या मोबाइलमधून एक बाई कुणाला तरी विचारत होती, "हे काय आहे?" मग शांतता. मग पुन्हा तेवढ्याच उंचीवर, तेवढंच अंतर सोडून, "हे काय आहे? सांग. चम-चा. म्हण. चमचा." पुन्हा शांतता, आणि त्या शांततेत कुठे तरी एक नळ ठिबकत होता. मग एक बारीक, आज्ञाधारक आवाज आला, "चमचा." "शाब्बास. आणि हे काय आहे?" मेजाच्या पलीकडे डबा उघडून बसलेल्या, कापड बेतणाऱ्या मास्तरांनी तोंडाशी नेलेला घास तिथेच थांबवला. "कुणाला पकडलंय गं? चौकीत चाललंय का हे?" ती हसली. हसावंच लागलं. कारण ठिबकणारा नळ तिच्या घरातला होता, तो बारीक आवाज तिच्या लेकीचा, गोटीचा होता, आणि ती बाई, जिचा चेहरासुद्धा तिच्या डोळ्यांपुढे येईना, ती बाई म्हणजे ती स्वतःच होती.

आपला आवाज बाहेरून ऐकला की सगळ्यांनाच परका वाटतो, हे तिला ठाऊक होतं. पण हे वेगळं होतं. या आवाजाला वासच नव्हता. धुऊन, खळ घालून, घडी करून ठेवलेला आवाज. आणि तिला तर लहानपणी सगळी गल्ली टकळी म्हणून ओळखायची. हाती कापसाचा पेळू आला की टकळी सूत काढते, तसं समोर माणूस आलं की ही बोलणं काढायची. शाळेत बाईंनी तिला शेवटी भिंतीकडेच्या बाकावर एकटीला बसवलं, तर ती भिंतीशी बोलायला लागली. आणि भिंत, असं तिनं घरी येऊन सांगितलं होतं, शेजारच्या मुलीपेक्षा शहाणी आहे, मध्येमध्ये बोलत नाही. लग्नसुद्धा बोलण्यानंच जमलं. एका उंच इमारतीत ती पडद्यांचे तीन तागे घेऊन लिफ्टमध्ये अडकली होती. वर कुठे तरी लिफ्टचा मिस्त्री चाक फिरवत होता, आणि ही फटीतून त्याला हाका मारत, ताग्यांवर बसून, त्या गिऱ्हाईक बाईंना हिरवा रंग का शोभणार नाही इथपासून ते आपल्याला उंचीची भीती वाटते पण खोलीची वाटत नाही इथपर्यंत सगळं सांगत होती. दार उघडलं तेव्हा ग्रीस माखलेला एक माणूस समोर उभा होता. तो म्हणाला, "दुरुस्त केव्हाच झाली होती. तुमचं वाक्य संपायची वाट बघत होतो." अशा माणसाशी लग्न करायचं नाही तर कुणाशी?

मग ही बाई तिच्या तोंडात केव्हा येऊन राहिली? जेवणाची सुट्टी संपली, यंत्रं पुन्हा खडखडू लागली, पायाखालच्या फळीतून ती थरथर पोटरीत चढू लागली, आणि तिच्या डोळ्यांपुढे ती दुपार आली: गोटी जमिनीवर बसलेली, दोन्ही हातांत एक मोठं पितळी बटण, आणि तिच्या मागे मांडणीवरची सगळी ताटं एकदम कोसळली. खालच्या मजल्यावरून माणसं धावत आली. गोटी बटणाकडे बघून हसत राहिली. पुढे दवाखाना, कान तपासायची गादीच्या भिंतींची ती खोली, काचेपलीकडे हलणारे ओठ, आणि मग वालाच्या बियांएवढी दोन यंत्रं, पारदर्शक नळ्यांची, जी रोज सकाळी कानांवर चढवताना ती म्हणायची, "चला, कान आले." डॉक्टरांनी सांगितलं होतं, घरात गोंगाट कमी ठेवा; जवळून, तोंड समोर करून, स्पष्ट बोला. सांगितलं ते बरोबरच होतं. पण सांगितलं कुणाला? पडदेवालीला. पडदेवालीच्या हातात जग सुधारायचं एकच हत्यार. तिनं खिडक्यांना दुहेरी जाड पडदे केले. मग दारांना केले. मग गोटीच्या खाटेमागच्या नुसत्या भिंतीलाही एक लावला, जिच्यापलीकडे काहीच नव्हतं. खुर्च्यांच्या पायांना जाड लोकरी नमद्याचे मोजे घातले, मेजावर रजई अंथरली, चमचे घडीच्या रुमालावर झोपवले, टीव्ही नणंदेला देऊन टाकला, मिस्त्रीचे लोखंडी टाचांचे बूट दाराबाहेर काढले. घर दागिन्याच्या डबीसारखं मऊ झालं. त्यात आवाज पडला असता तरी त्याला लागलं नसतं.

आणि मग बोलणंही गेलं. ते कुणी हाकललं नाही, आपलं आपण गेलं, पाहुणा कंटाळून उठतो तसं. गोटीशी कुणी एक बोलत असेल तर दुसऱ्यानं गप्प बसायचं, इतकंच आधी ठरलं होतं. मग दोघांनी एकमेकांशी बोलायचं ते ती झोपल्यावर, असं झालं. आणि ती झोपेपर्यंत दोघंही दमलेले असायचे, तर मग हूं आणि हं यांच्यावर संसार चालू लागला. गोटीला मात्र ती शब्द द्यायची. एका वेळी एकच. कात्री देतात तसा, मूठ तिच्याकडे करून, टोक आपल्याकडे ठेवून. चेंडू. दूध. दार. गोटी तो घ्यायची, बघायची, आणि परत द्यायची. शब्द हरवत नव्हता, सांडत नव्हता, वाया जात नव्हता. यात चूक कुठे होती, हे यंत्रावर पाय मारता मारता तिला सापडेना, आणि मास्तरांचं ते 'चौकीत चाललंय का' काही केल्या कानातून निघेना.

केंद्रातल्या ताई, ज्या गोटीला बोलायला शिकवत, त्यांनीच ते घरातलं बोलणं टिपून आणायला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी हनुवटी हातावर टेकून ते सगळं ऐकलं. कोपऱ्यात गोटी ठोकळ्यांचा मनोरा रचत होती. "छान," ताई म्हणाल्या. "शब्द स्वच्छ आहेत. 'स' अजून कानाला लागत नाही तिच्या, बारीक आवाज आहे तो, येईल हळूहळू. बरं, मला सांगा, तुम्ही न विचारता ती काही सांगते का?"

"म्हणजे?"

"म्हणजे आपणहून. आई, हे बघ. आई, त्यानं मला ढकललं. आई, हे मोजे मला नकोत, टोचतात."

तिनं आठवून बघितलं. घरातली एकेक खोली उघडून बघावी तसं बघितलं. "विचारलं की सांगते," ती म्हणाली.

"हो ना. विचारलं की सांगते." ताईंनी मोबाइल उलटा ठेवला. "आणि तुम्ही दोघं नवरा-बायको घरात काय बोलता?"

"ती झोपल्यावर बोलतो आम्ही."

"का?"

"गोंगाट नको म्हणून."

ताईंनी तोंडावर हात ठेवला, पण हसू बोटांतून बाहेर आलंच. "अहो बाई, गोंगाट कमी करा म्हटलं होतं. संसार नव्हता बंद करायला सांगितला!" मग खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "रागावू नका. पण तिनं बोलताना कुणाला बघितलंय, सांगा बरं. शिकवताना बघितलंय. बोलताना नाही. तर आता शिकवणी बंद. मोजा सापडला नाही तर मोज्याला रागवा. शेजारणीचं गाऱ्हाणं सांगा. नवऱ्याशी भांडा, पण तिच्या जवळ बसून, कानाच्या टप्प्यात. आणि बोलून झालं की थांबा. तिला मध्ये शिरायला जागा ठेवा."

"आणि तिला नाही कळलं तर? सगळं डोक्यावरून गेलं तर?"

"तुमची आई तुमच्याशी बोलायची तेव्हा किती पोचलं ते बघत बसायची?"

"पण कधी बोलेल ती? आपणहून?"

"ते मला कळलं असतं," ताई म्हणाल्या, "तर मी या मोडक्या खुर्चीवर बसले असते होय?"

बसमध्ये गोटीला खिडकीशी बसवून ती घरी निघाली. काचेत गोटीचा चेहरा, चेहऱ्यातून धावणारी दुकानं. आता तिला फक्त एकच गोष्ट हवी होती, आणि हवी असल्याचं कळल्यापासून ती तहानेसारखी घशात उभी होती: न विचारलेलं एक वाक्य. कसलंही. वेडंवाकडं. मला भूक लागली, तू वाईट आहेस, खिडकीबाहेर हत्ती आहे. तिनं तोंड उघडलं. शेजारी छत्री घेतलेला एक माणूस, समोर दोन कॉलेजच्या मुली. "बस," ती म्हणाली, "बस जात आहे." आणि स्वतःच शरमली. जिच्या तोंडाच्या पट्ट्याला गल्लीतले दुकानदार भ्यायचे, तिला आता शब्दाशब्दाला ठेच लागत होती. तिला आई आठवली. जिन्याखालच्या एवढ्याशा जागेत लोकांचे कपडे इस्त्री करणारी आई. मेजाखाली पाय पसरून बसलेली टकळी, वरून येणारी गरम ओलसर वाफ, कोळशाचा, सुताचा, आईच्या घामाचा वास, आणि त्या वासातून खाली झिरपणारं आईचं बोलणं. आई तिला काही शिकवत नव्हती. आई कपड्यांशी बोलत होती. एखादा सदरा फारच चुरगळलेला निघाला की हात थांबायचा, आणि मग इस्त्रीच्या येण्याजाण्याच्या ठेक्यावर यायचं:

सदरा गं गुणाचा, आडवा-तिडवा पडला,
कुणाशी भांडला, बाही मुडपून दडला.

आणि एकटाच मोजा हाती आला तर:

मोजा गं एकला, भाऊ त्याचा हरवला,
बादलीच्या तळाशी, साबणानं फसवला.

दुसऱ्या दिवशी तेच कपडे आले तरी गाणं वेगळं. कालचं कुठलं होतं म्हणून विचारलं तर आई म्हणायची, "ते कालच्या सुरकुत्यांबरोबर गेलं." इस्त्रीला काय म्हणतात हे टकळीला कुणी कधी विचारलं नव्हतं. तिला इस्त्री कळली ती तिच्यावर रागावलेल्या, तिला लाडावलेल्या, तिच्या नावानं बोटं मोडणाऱ्या आईच्या तोंडून. किती शब्द त्या मेजाखाली सांडले असतील. वेचायला कोण बसलं होतं? तरी भरलीच ना ओटी.

घरी आल्यावर तिनं मनाचा हिय्या केला आणि कांदा चिरायला घेतला. गोटीला शेजारी स्टुलावर बसवलं. "मी आता कांदा चिरत आहे," ती म्हणाली. "कांदा गोल आहे. कांदा लाल आहे. कांद्याला साल आहे." गोटी शहाण्यासारखी बघत राहिली. दारात बूट काढता काढता मिस्त्री थांबला. "बातम्या लागल्यात वाटतं," तो म्हणाला. "हवामान काय म्हणतंय?"

"पाऊस आहे," ती डोळे पुसत म्हणाली. "कांद्याच्या परिसरात जोरदार." आणि तिला हसू फुटलं, आणि तो हसला, आणि हातात सुरी, डोळ्यांत पाणी, असं कित्येक महिन्यांनी दोघं दिवसाउजेडी एकमेकांकडे बघून खोखो हसले. गोटी एकदा तिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. चेंडू कुणाच्या कोर्टात आहे ते बघावं तसं. "बूट आत घेऊन या," ती त्याला म्हणाली. "वाजू देत. आणि आज काय झालं ते सांगा." "काय व्हायचंय? लिफ्ट. वर जाते, खाली येते." "अहो, असं नाही. झालेलं सांगा." तो बिचारा जात्याच कमी बोलणारा, पाना-हातोडीशी संसार केलेला. पण स्टूल ओढून गोटीच्या समोर बसला आणि डोकं खाजवून म्हणाला, "एका म्हाताऱ्याचं कुत्रं होतं. लिफ्टमधून उतरायलाच तयार नाही. त्याला वाटलं तेच घर. दार उघडलं की बाहेरचं जग बदलतंय, आपण कशाला हलायचं?" "मग?" "मग काय, म्हातारा आतच बसला त्याच्याबरोबर. दोघांना चार फेऱ्या मारून आणल्या." "आणि तुम्ही हे मला सांगणारच नव्हता?" "तू विचारलं कुठे होतंस?" तो म्हणाला, आणि ते वाक्य घरातल्या मऊमऊ पडद्यांना न जुमानता तिला नेमकं लागलं. म्हणजे यालाही विचारावंच लागत होतं. म्हणजे ही गोटीची एकटीची गोष्ट नव्हतीच.

खरी गाठ सुटली ती खणामुळे. ओट्याखालचा खण जन्माचा हट्टी, मध्येच अडायचा. एरवी ती मुकाट्यानं झटका द्यायची. त्या सकाळी झटका देता देता तोंडातून निघून गेलं, "अरे उघड ना! सकाळपासून दातखीळ बसवून बसलायस. काय गिळलंयस? झारा गिळलास? दाखव तोंड. बघ बाई, ऐकतच नाही! मी काय तुझी नोकर आहे? ओढू कान?" शब्द आले ते घशातून आलेच नाहीत, कुठून तरी खालून, पोटरीतून, मेजाखालून आले, वाफेसारखे गरम. आईचा आवाज तिच्या तोंडात असा बसला, जशी काही पायात चप्पल. खण उघडला. झारा खरंच आडवा आला होता. "हे बघ! सापडलास की नाही चोरा?" आणि तिच्या लक्षात आलं की गोटी ठोकळे टाकून शेजारी येऊन उभी आहे. गोटीनं खणाच्या फळीवर पंजा ठेवला होता आणि ती खणाकडे बघत होती. आता तो काय उत्तर देतो याची वाट बघत. तिनं झारा उचलला, ताल धरला, आणि आपल्याला येतं की नाही हे कळायच्या आत येऊनच गेलं:

झारा गं लबाड, आडवा दारात निजला,
खणाला बोल लागला, बाई, चोर हा हसला.

त्यानंतर घराला वाचा फुटली. खुर्च्यांचे मोजे तिनं राहू दिले, खडखडाट नकोच होता. पण भिंतीवरचा तो पलीकडे काहीच नसलेला पडदा काढला आणि त्याचं गोटीला झबलं केलं, आणि करता करता भिंतीची माफी मागितली. ती बोलत होती. भाजीशी, सुईशी, गॅसच्या बटणाशी, गोटीच्या केसांतल्या गुंत्याशी. गोटीसमोर उकिडवी बसून, तोंड उजेडात ठेवून, ओठांवर पदर येऊ न देता. एवढं भान राखून बाकी सगळं सोडून देत होती. नवऱ्याशी ती रीतसर भांडली, दोनदा तर कारण नसताना. "आज कशावरून?" तो आल्या आल्या विचारी. "बघू, चहा होऊ दे, सुचेल." आणि प्रत्येक बोलण्याच्या शेवटी ती थांबायची, जिन्यावर लहान मुलासाठी थांबतात तशी, एक पाय खालच्या पायरीवर ठेवून. गोटी तिच्याकडे बघायची. डोळ्यांत सगळं असायचं. ओठ मिटलेले असायचे.

दिवस जात होते, आणि हसतखेळत जात होते, पण त्या थांबण्याच्या जागा तिच्या मनात साठत चालल्या. कधी आंघोळीच्या वेळी, कान काढून ठेवलेले असताना, पाण्यानं चमकणाऱ्या त्या एवढ्याशा पाठीवर साबण फिरवता फिरवता तिला भीती वाटायची की आपण सगळं उधळून टाकलंय. कात्री मूठ पुढे करून द्यायचो तेव्हा निदान हातात पडत होती. आता आपण नुसते बोलतोय, मजेत, आपल्याच मजेत, आणि ही पाण्यातून बघावं तशी आपल्याकडे बघतेय. बालवाडीच्या फाटकाशी बाकीची पोरं आयांना बघताच फुटक्या पोत्यासारखी सांडायची, यानं असं केलं, तिनं तसं केलं, माझा खडू मोडला; आणि गोटी तिचं बोट धरायची, हसायची, चालू लागायची. एका संध्याकाळी तिला राहवलं नाही. कुणी बघत नव्हतं. तिनं खणातून चमचा काढला, गोटीसमोर धरला आणि तो धुतलेला, खळ घातलेला आवाज काढला, "हे काय आहे?" गोटीनं चमच्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं, पाहुण्याकडे बघतात तसं, अदबीनं. "चमचा," ती म्हणाली, आणि जाऊन आपल्या ठोकळ्यांपाशी बसली. आईनं चमचा खणात टाकला. खण लावताना ती त्याच्याशी काही बोलली नाही. बोलायला तोंडच नव्हतं.

आणि मग ती दुपार. सुट्टीचा दिवस, मिस्त्री कुणाच्या तरी अडकलेल्या लिफ्टवर गेलेला, ती आतल्या खोलीत झालरीला टीप घालत होती. कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेली अंडी स्वयंपाकघरातल्या मेजावर एका खोलगट भांड्यात होती. यंत्राच्या घरघरीतून तिला एक ओला, मऊ आवाज आला. थोड्या वेळानं आणखी एक. ती उठून गेली तर फरशीवर एक अंडं फुटून पसरलेलं, त्याच्यापासून वीतभर अंतरावर दुसरं, आणि दोन्हींच्या मध्ये गोटी, हात पाठीमागे बांधून, छताकडे बघत उभी. छतावर बघण्यासारखं काहीही नव्हतं. तेवढ्यात दार वाजलं, बूट टपटपत आत आले, आणि मिस्त्री दारातच उभा राहिला. तिच्या जिभेवर सगळं तयार होतं. कमरेवर हात ठेवून तिनं सुरुवात केली, "या! बघा तुमच्या लेकीचे प्रताप. मी मेली तिकडे झालरीशी डोळे फोडतेय आणि इकडे ही—"

"तू नको!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तू नको आंगू," गोटी म्हणाली. गाल लाल झाले होते. एक हात पाठीमागून निघून आईला थोपवत होता. "मी आंगते."

तिचं तोंड उघडं होतं ते उघडंच राहिलं. अर्धं वाक्य टाळूला चिकटून बसलं. मिस्त्रीनं हत्यारांची पिशवी इतक्या हळू खाली ठेवली की आतला एकही पाना हलला नाही.

"अंडं आहे ना," गोटी म्हणाली, "अंडं. ते ना." थांबली. शब्द शोधत होती. तिचे डोळे इकडून तिकडे फिरत होते, आणि आईचे ओठ नकळत हलायला लागले, तो शब्द उचलून तिच्या हातात ठेवायला. आणि तिनं खालचा ओठ दातांखाली धरला, दोरा धरतात तसा, आणि गोटीला शब्द सापडेपर्यंत सोडला नाही. "ते म्हणालं, मला खाली जायचंय."

"कोण म्हणालं?" मिस्त्रीनं विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं.

"अंडं!" केवढा हा मंद बाप, असा तो स्वर होता. "मी म्हटलं, नको. लागेल तुला. ऐकतच नाही!" गोटीनं कमरेवर हात ठेवले. "मी म्हटलं, दार बंद आहे. लिफ्ट बंद आहे. मग ना, उडी मारली. आपली आपण."

"आपली आपण," मिस्त्री गंभीरपणे म्हणाला.

"हो. आपली आपण."

"बरं. आणि हे दुसरं?"

गोटीनं दुसऱ्या अंड्याकडे पाहिलं. हे तिच्या हिशेबात नव्हतं. फरशीवर पांढरं हळूहळू पिवळ्यापासून दूर सरकत होतं. ती विचार करत होती. दोघांच्या डोळ्यांदेखत, कपाळाला बारीकशी आठी घालून, कुणी विचारलं तेवढंच सांगणारी ती पोर आता जे झालंच नव्हतं ते जुळवत होती. "ते," ती म्हणाली, "त्याला बघायला गेलं."

"खोटारडी!" आईच्या तोंडातून निघालं, आणि तो शब्द इतका गोड लागला की तिला तो पुन्हा म्हणावासा वाटला. "अगं लबाडे! शुद्ध थाप मारतेस? बापाच्या तोंडावर?"

"थाप नाही!" गोटीनं पाय आपटला. "तू नव्हती. बाबा नव्हता. मी होते!"

खरंच की. नव्हतेच ते दोघं तिथे. आई फडक्यासाठी वळली आणि वळता वळता थांबली, कारण गोटीचं अजून संपलं नव्हतं. ती टाचा उंचावून मेजाशी गेली होती. भांड्यात एकच अंडं वर होतं, बाकीची तळाशी. तिनं ते दोन्ही हातांनी उचललं. "अगं, अगं," आई म्हणाली. मिस्त्रीनं बायकोचा दंड धरला. गोटीनं अंडं कानाशी नेलं. कानावरच्या यंत्राच्या फार जवळ काही आलं की ते बारीक शिट्टी घालतं, तशी त्यानं घातली. गोटी दचकली नाही, नुसतं अंडं जरा लांब धरलं, मान तिरकी केली आणि ऐकत राहिली.

"काय म्हणतंय?" आईनं विचारलं. तिला राहवलंच नाही. पण या वेळी उत्तर तिला खरंच ठाऊक नव्हतं.

"हे अजून विचार करतंय," गोटी म्हणाली, आणि ओठांवर बोट ठेवून तिनं दोघांना गप्प केलं.